लिफ्टमधल्या ताईला नीती शिकवली, त्याची हकीकत

लिफ्ट मध्येच बंद पडली की आतला माणूस लाल बटण दाबतो. बटण दाबल्यावर पलीकडून कोणीतरी बोलावं लागतं. पूर्वी हे काम माणसं करत असत. पण माणसांना डुलकी लागते, ती जेवायला जातात आणि कधीकधी समोरच्यावर चिडतात. म्हणून आमच्या कंपनीने कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा एक आवाज तयार केला. आवाज बाईचा होता, समजूतदार होता आणि थोरल्या बहिणीसारखा वाटायचा, म्हणून आम्ही सगळे त्याला ताई म्हणू लागलो. बटण दाबलं की ताई म्हणायची, "घाबरू नका, मी ऐकते आहे." आतला माणूस काय सांगतो ते ती ऐकून घ्यायची, प्रसंग किती गंभीर आहे ते ठरवायची आणि जवळच्या मेकॅनिकला पाठवून द्यायची. काम बऱ्यापैकी चालू होतं. आमच्या कंपनीत कोणतंही काम या अवस्थेत फार दिवस ठेवत नाहीत.

त्या वर्षी आमचे संचालक सर एका परिषदेला गेले आणि नीती घेऊन परतले. आदल्या वर्षी ते अशाच एका परिषदेहून उभ्याने काम करायची टेबलं घेऊन आले होते. त्या मानाने हे हलकं प्रकरण आहे, असं आम्हाला वाटलं. पाण्याच्या मशीनशेजारच्या भिंतीवर एक मोठी चौकट लागली. तीत पाच शब्द होते: पारदर्शकता, संमती, न्याय, उत्तरदायित्व, मानवी देखरेख. पाणी भरता भरता ते वाचून व्हायचे. ग्लास मोठा असेल तर दोनदा.

"तत्त्वं भिंतीवर टांगून उपयोग नाही," सर बैठकीत म्हणाले. "ती रोजच्या कामात उतरली पाहिजेत. प्रोग्रामच्या ओळीओळीत दिसली पाहिजेत."

मी मान डोलावली. बैठकीत झोप लागू नये म्हणून मी अधूनमधून मान डोलावत असतो. इतकी वर्षं त्या सवयीने मला सांभाळून घेतलं होतं. त्या दिवशी ती अंगाशी आली.

"तुला मनापासून पटलेलं दिसतंय," सर म्हणाले, आणि मी नीती समन्वयक झालो. खुर्ची तीच राहिली, फक्त तिला हात बसवून दिले. ऑफिसात मला सगळे 'नीतिमान' म्हणू लागले. पहिल्या दिवशी ते टोचलं. दुसऱ्या दिवशी एकाने नुसतंच नावाने हाक मारली, तेव्हा मला राग आला.

घरी मी बातमी सांगितली तेव्हा बायको कपड्यांच्या घड्या घालत होती.

"नीतीचं काम? तुला?" ती म्हणाली. "आधी घरी चौकशी नाही केली त्यांनी?"

सासूबाई मात्र हरखून गेल्या. त्या आमच्याकडेच राहतात. त्यांचं हृदय थोडं अशक्त आहे आणि आवाज पहिल्यापासून बारीक. फोनवर त्या बोलत असल्या, तर पलीकडचा माणूस फोन ठेवून देतो. आम्ही राहतो सहाव्या मजल्यावर. लिफ्टची त्यांना धास्ती, म्हणून त्या जिन्यानेच ये-जा करायच्या. डॉक्टरांनी जिना बंद करायला सांगितल्यापासून त्यांचं घराबाहेर पडणंच बंद झालं होतं. खालच्या बागेत त्यांच्या मैत्रिणींची बैठक बसायची आणि या वरून खिडकीतून तिच्यात भाग घ्यायच्या. बारीक आवाजामुळे तो भाग हातवाऱ्यांपुरताच उरायचा.

"आमचे जावई यंत्रांना चांगलं वागायला शिकवतात," हे त्यांनी सगळ्या मैत्रिणींना फोनवर सांगितलं. दोघींना ते ऐकू गेलं.

मी भारावून गेलो. म्हटलं, "आई, आता लिफ्टला घाबरायचं नाही. मी माझी ताई आपल्याच लिफ्टमध्ये बसवून घेतो. नव्या पद्धतीची चाचणी इथूनच सुरू करू."

"तुम्ही म्हणता म्हणजे ठीकच असेल," त्या म्हणाल्या.

तर मग मी कामाला लागलो. सुरुवात पारदर्शकतेपासून केली. आपण यंत्राशी बोलतो आहोत हे माणसाला कळलं पाहिजे, म्हणून ताईचं पहिलं वाक्य बदललं. "घाबरू नका"च्या जागी "मी माणूस नाही" आलं. एवढ्याने भागणार नाही, असं आमच्या वकिलांचं मत पडलं. यंत्र निर्णय कसा घेतं, हेही सांगायला हवं. त्यांनी तसा मजकूर लिहून दिला. तो ऐकताना स्वतः वकिलांनी मध्येच उठून चहा आणला.

ताईची तपासणी करायचं काम आमच्या टेस्टर मुलीकडे होतं. तिला दर गोष्टीत खुसपट काढण्याचाच पगार मिळतो आणि ती तो प्रामाणिकपणे कमावते.

"अडकलेल्या माणसाला हे सगळं ऐकायचं असेल का?" तिने विचारलं.

"ऐकायचंय की नाही हा प्रश्न नाही," मी खुर्चीच्या दोन्ही हातांवर हात ठेवून म्हणालो. "तो त्याचा हक्क आहे."

"हक्क आहे, म्हणजे त्याला नको म्हणता येईल?"

"नको कसं म्हणेल? हक्क आहे तो."

मग संमती. माणसाचा आवाज साठवायचा, तर त्याची परवानगी हवी. ती समजून-उमजून दिलेली हवी. समजलं की नाही हे कळायला, मजकूर वाचून झाल्यावर ताईने एक प्रश्न विचारावा असं ठरलं. उत्तर चुकलं तर मजकूर पुन्हा पहिल्यापासून. प्रश्न मीच तयार केला. इथे वकिलांनी आणखी एक बारकावा काढला. घाबरलेल्या माणसाने दिलेली संमती ही मोकळ्या मनाने दिलेली संमती होत नाही. तेव्हा आधी त्याला शांत करणं भाग होतं. श्वास नियमित होईपर्यंत ताईने मंद संगीत लावावं आणि नंतरच परवानगी विचारावी, अशी तरतूद मी केली. सरांना ती इतकी आवडली की त्यांनी संगीत स्वतः निवडलं.

न्यायाच्या वेळी टेस्टर मुलगी माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. तिच्या कपाळावर आठ्या होत्या.

"ताईला म्हाताऱ्या माणसांचं ऐकू येत नाही," ती म्हणाली. "बारीक, कापरा आवाज असला की ती म्हणते, ऐकू आलं नाही. परत म्हणते, परत म्हणते. तरुण माणसाचं एका फटक्यात ऐकते. आपण तिला शिकवताना ऑफिसातल्याच लोकांचे आवाज वापरले ना, त्याचा हा परिणाम आहे. म्हाताऱ्यांचे आवाज गोळा करून तिला नव्याने शिकवावं लागेल."

"वेळ किती लागेल?"

"काही महिने तरी लागतील."

सरांना पुढच्या परिषदेत आमची नीती सादर करायची होती आणि ती परिषद काही महिन्यांच्या बरीच अलीकडे होती. मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, "हा फार मोलाचा मुद्दा आहे." नव्या पदावर आल्यापासून हे वाक्य मी शिकलो होतो. ते नीट उच्चारलं की मुद्दा जागच्या जागी थंड होतो.

ती हलेना. तेव्हा मला विचार करावा लागला. तरुणांचं लवकर ऐकलं जातं आणि वृद्धांचं उशिरा, हा भेदभाव होता आणि तो दूर करणं माझं कर्तव्य होतं. तो दोन बाजूंनी दूर करता येत होता. वृद्धांचं लवकर ऐकणं अवघड होतं. म्हणून मी तरुणांचं उशिरा ऐकायची व्यवस्था केली. ताईला ऐकू आलं असलं, तरी तिने सुरुवातीला काही वेळा सगळ्यांनाच म्हणायचं, "माफ करा, आपला आवाज ऐकू आला नाही." आलेखावरच्या दोन रेषा एकमेकींवर तंतोतंत बसल्या. तो आलेख पाहून सरांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"पण म्हाताऱ्यांचं अजूनही ऐकू येत नाहीये," टेस्टर मुलगी म्हणाली.

"त्यांच्यावर अन्याय होतोय, असं मात्र आता कोणी म्हणू शकणार नाही," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं आणि मग मंजुरी देऊन टाकली. तिची लग्नाची रजा माझ्या सहीसाठी अडलेली होती.

उत्तरदायित्व लवकर उरकलं. प्रत्येक निर्णयामागे एक जबाबदार माणूस असला पाहिजे, असं सर म्हणताच सगळे आपापले बूट न्याहाळू लागले. शेवटी वकिलांनी तोड काढली. समिती नेमायची आणि जबाबदारी समितीत सारखी वाटायची. वाटता वाटता ती इतकी पातळ झाली की कोणाच्याच अंगाला लागेना.

राहिली मानवी देखरेख. माणसाच्या बाबतीतला शेवटचा निर्णय माणसानेच घ्यायचा, यंत्राने नाही. म्हणजे मेकॅनिक निघण्याआधी कोणीतरी आपल्या फोनवर 'मान्य' म्हणून बोट ठेवायला हवं. तो कोणीतरी मी होतो. सुरुवातीला मला देवत्व आल्यासारखं वाटलं. कुठेतरी कोणीतरी अडकलेलं असायचं आणि मी टॉवेल गुंडाळून त्याची सुटका मान्य करायचो. हळूहळू माझा अंगठा माझ्या आधीच मान्य करू लागला. समितीला याचा सुगावा लागला. न वाचता मान्य करणं ही देखरेख नव्हे, म्हणून दर वेळी कारण लिहायची सक्ती झाली. मी लिहिलं, "माणूस अडकला आहे." दुसऱ्या वेळी तेच लिहिलं तर फोनने ते परत केलं. कारण विचारपूर्वक लिहिलेलं हवं आणि आधीच्यासारखं नको.

"जेवताना काय लिहीत बसलायस?" बायकोने विचारलं.

"माणसाला लिफ्टमधून बाहेर का काढावं, याचं कारण."

"आणि ते सुचत नाहीये?"



आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये ताई बसली, त्यानंतरच्या रविवारी सासूबाई नवी साडी नेसून तयार झाल्या. मी त्यांना लिफ्टने खाली नेलं. बागेत त्यांना बघून मैत्रिणींनी अक्षरशः गलका केला. त्या तासभर बोलल्या. मैत्रिणी अगदी त्यांच्या तोंडाशी कान लावून बसल्या होत्या, त्यामुळे बहुतेक ऐकू गेलं असावं. परत निघताना मैत्रिणी लिफ्टपर्यंत पोचवायला आल्या. "आमच्या जावयाची लिफ्ट," सासूबाई म्हणाल्या. दार बंद होताना त्यांनी मैत्रिणींना हात केला.

चौथा मजला गेला आणि वीज गेली. लिफ्ट एक हिसका देऊन थांबली. छतातला छोटा दिवा तेवढा लागला.

सासूबाईंनी माझा दंड धरला. "आता?"

"आता काही नाही. ते लाल बटण दाबा. तुम्हीच दाबा."

ओळखीच्या घरची घंटा वाजवावी तसं त्यांनी ते हलकेच दाबलं.

"नमस्कार," ताई म्हणाली. "मी माणूस नाही."

"अगं बाई!" सासूबाई दोन पावलं मागे सरकून माझ्या पायावर उभ्या राहिल्या. "मग कोण आहे?"

"आई, ते पारदर्शकतेसाठी आहे. ऐका तर खरं."

आम्ही ऐकलं. ताई निर्णय कसा घेते, कोणत्या बाबी विचारात घेते, कोणत्या घेत नाही, तिचं कुठे चुकू शकतं आणि चुकल्यास दाद कुठे मागावी, हे सगळं तिने सावकाश सांगितलं. आमच्या ऑफिसातल्या खोलीत ते इतकं लांब वाटलं नव्हतं. सासूबाईंच्या कपाळावर घाम आला होता.

"आपला श्वास अनियमित आहे," ताई म्हणाली. "तो नियमित होईपर्यंत आपण थांबू या." संगीत सुरू झालं. पाणी झुळझुळत असावं असं काहीसं होतं.

"जावईबापू," सासूबाई धापा टाकत म्हणाल्या, "हिला सांगा ना, मला दम लागलाय म्हणूनच तर बोलावलंय."

"ताई, संगीत थांबव!" मी ओरडलो. "आम्हाला बाहेर काढ!"

"माफ करा, आपला आवाज ऐकू आला नाही."

तिला ऐकू आलं होतं. हे मला तिच्याइतकंच पक्कं माहीत होतं. किती वेळा ऐकू येऊ द्यायचं नाही तो आकडा मी स्वतःच्या हाताने भरला होता. मी पुन्हा ओरडलो. ती पुन्हा तेच म्हणाली.

"बहिरी आहे का हो ही?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही आई. ती सगळ्यांशी सारखी वागते."

"म्हणजे सगळ्यांसाठी बहिरी?"

मी आणखी एकदा ओरडलो. शेवटी तिला ऐकू यायची वेळ झाली, तिला फक्त माझाच श्वास ऐकू आला, तो तिने नियमित ठरवला आणि संमतीचा मजकूर वाचला. मग माझा प्रश्न विचारला. आपला आवाज नेमका कोणत्या कारणासाठी साठवला जाईल? सेवा सुधारण्यासाठी, गुणवत्ता राखण्यासाठी, की गुणवत्तापूर्ण सेवेच्या सुधारणेसाठी? मी दुसरं उत्तर दिलं.

"उत्तर चुकलं आहे," ताई म्हणाली. "माहिती पुन्हा देत आहे."

प्रश्न मी तयार केला होता, उत्तरही मीच लिहिलं होतं, आणि ते लिहिल्याबद्दल सरांनी माझी पाठही थोपटली होती. मी सगळं दुसऱ्यांदा ऐकलं. या खेपेला तिसरं उत्तर देऊन मी उत्तीर्ण झालो.

"धन्यवाद. लिफ्टमध्ये एक निरोगी पुरुष आहे. प्रसंग किरकोळ आहे."

"एक नाही, दोघं आहोत!" मी दारावर मूठ आपटली. "वयस्कर बाई आहेत सोबत! त्यांना हृदयाचा त्रास आहे!"

"आपण दुसऱ्या व्यक्तीच्या आरोग्याची माहिती तिच्या परवानगीशिवाय दिली आहे," ताई म्हणाली. तिच्या आवाजात किंचित दुःख होतं. ते आम्ही मुद्दाम बसवून घेतलं होतं. "ही माहिती मी पुसून टाकत आहे. त्या व्यक्तीने कृपया स्वतः सांगावं."

"आई, बोला. जोरात बोला."

सासूबाईंनी भिंतीला हात टेकला. "मला... दम लागलाय," त्या म्हणाल्या. मी त्यांच्या शेजारी उभा होतो म्हणून मला ऐकू आलं.

"माफ करा, आपला आवाज ऐकू आला नाही."

त्या पुन्हा बोलल्या. आधीपेक्षाही बारीक.

"माफ करा, आपला आवाज ऐकू आला नाही."

या वेळी मात्र तिला खरोखरच ऐकू आलं नव्हतं.

सासूबाई हातातली पिशवी खाली ठेवून तिच्यावरच बसल्या. मी त्यांच्यासमोर गुडघ्यावर बसलो आणि त्यांच्याच पदराने त्यांना वारा घालू लागलो. घसा बसेपर्यंत ओरडलो. वरून कोणीतरी ओरडलं, "वीज गेलीय!" ताईने आमची विनंती मानवी देखरेखीसाठी पाठवली. पण लिफ्टमध्ये माझ्या फोनला रेंज नव्हती.

"देखरेख करणारी व्यक्ती सध्या संपर्कात नाही," ताई म्हणाली. "कृपया वाट पाहा."

"ती व्यक्ती मीच आहे!"

"आपला परिचय दिल्याबद्दल आभार. मात्र या सुटकेचा लाभ आपल्यालाच होणार असल्याने या विनंतीवर आपण निर्णय देणं उचित ठरणार नाही."

हे वाक्यसुद्धा माझंच होतं. मी तिला ज्या शिव्या दिल्या, त्या सासूबाईंसमोर मी आजवर कधी दिलेल्या नाहीत. त्यांनी डोळे मिटलेलेच ठेवून माझ्या मनगटावर हात ठेवला.

"तिच्यावर नका चिडू," त्या म्हणाल्या. "तुम्ही शिकवलंत तशीच वागतेय ती."

त्या हे टोचायला बोलल्या नव्हत्या. लहान मुलाची काढावी तशी त्या माझी समजूत काढत होत्या. मला तिथे तोंड लपवायला जागा नव्हती. लिफ्ट चार माणसांची होती.

मग वीज आली. लिफ्ट सहाव्या मजल्यावर जाऊन दार उघडून उभी राहिली. "आपली अडचण दूर झाली आहे," ताई म्हणाली. "आपल्याला मिळालेली वागणूक न्याय्य वाटली का?" सासूबाईंना उठता येईना. मी हाका मारल्या तेव्हा शेजारचे धावत आले. त्यांनी आमच्याच घरातली खुर्ची आणली, सासूबाईंना तिच्यावर बसवलं आणि जिन्याने खाली नेलं. परत लिफ्टमध्ये पाय ठेवायला कोणी तयार नव्हतं, मी तर नव्हतोच.

दवाखान्यात बायको ऑफिसातून तशीच धावत आली. रविवारीही तिला ड्युटी असते. सासूबाईंना आत नेलं होतं. तिने मला विचारलं, काय झालं. मी सांगायला लागलो. संमतीचं सांगितलं, देखरेखीचं सांगितलं, रेंज नव्हती तेही सांगितलं.

"तू होतास ना तिथे?" ती म्हणाली.

"होतो."

"मग?"

 सासूबाई वाचल्या. आठवड्याने घरी आल्या.

मी ऑफिसात जाऊन सांगितलं की हे सगळं काढून टाका. मी अक्षरशः टेबलावर हात आपटला. सरांनी मला पाणी दिलं आणि रीतसर चौकशी समिती नेमली. तिच्यात मीही होतो. प्रकरण माझंच म्हणून मी बाहेर झालो आणि सभासद कमी पडले म्हणून परत आत आलो. समितीने सगळं बारकाईने तपासलं. पारदर्शकता पूर्ण पाळली होती. संमती रीतसर घेतली होती. वयस्कर महिलेच्या आरोग्याची गुप्तता ताईने ज्या निर्धाराने राखली, तो आदर्श मानण्यात आला. त्रुटी एकच आढळली. मी दुसऱ्याच्या आजाराची माहिती परवानगीशिवाय ओरडून सांगितली होती. त्याबद्दल मला गोपनीयतेचं प्रशिक्षण घ्यायला लावलं. ते प्रशिक्षण मीच तयार केलेलं होतं. या वेळी मी पहिल्या खेपेलाच उत्तीर्ण झालो.

टेस्टर मुलगी लग्नाहून परतली होती. "आणि तिला म्हाताऱ्यांचं ऐकू येत नाही, त्याचं काय?" तिने विचारलं.

"हा फार मोलाचा मुद्दा आहे," सर म्हणाले.

मग ते माझ्याकडे वळले. "तू स्वतः अडकलास! स्वतः! असा अनुभव कोणाकडे आहे? परिषदेत तूच बोलायचंस."

मी हो म्हटलं. तिथे उभं राहून सगळं सांगायचं, कोणाचीही भीड ठेवायची नाही, असं मी ठरवलं होतं. सभागृह मोठं होतं, दिवे प्रखर होते. मी सुरुवात केली. स्वतःच्याच प्रश्नाचं उत्तर चुकलो, इथे लोक हसले. 'ती व्यक्ती मीच आहे', इथे तर टाळ्या पडल्या. मला ते आवडलं. मी ताईचा आवाज काढून दाखवला. सासूबाईंचाही काढला. त्या पिशवीवर बसल्या तिथवर मी आलो, तेव्हा सभागृह इतकं रंगात होतं की ते मोडवेना. ते वाक्य मी गाळलं. वीज आली आणि आम्ही बाहेर आलो, असं म्हणून संपवलं. नंतर बरेच जण भेटायला आले. प्रश्न लिफ्टचा आकार, आवाजाचा दर्जा, परवानगीच्या मजकुराची लांबी याबद्दल होते. बाई आता कशा आहेत, हे कोणी विचारलं नाही.

घरी आलो तेव्हा सासूबाई खिडकीत बसल्या होत्या. खाली मैत्रिणी होत्या.

"सांगितलंत का हो त्यांना सगळं?" त्यांनी विचारलं.

"सांगितलं."

"काय म्हणाले?"

"टाळ्या वाजवल्या."

"बरं झालं," त्या समाधानाने म्हणाल्या. "म्हणजे आता नीट करतील." आणि त्यांनी खालच्यांना हात केला. खालून एकीने कानाला हात लावून 'काय?' अशी खूण केली.

परिषदेहून परतताना सरांनी एक नवं तत्त्व आणलं आहे: लोकसहभाग. यंत्राने माणसांशी कसं वागावं हे ठरवताना सामान्य माणसालाही विचारलं पाहिजे. विचारायचं कसं, यावर समितीत पुष्कळ खल झाला. माझं भाषण लोकांना आवडलं होतं, तेव्हा घडलेलं सगळं कथेच्या रूपात छापून लोकांपुढे ठेवावं आणि हरकती मागवाव्यात, असं ठरलं. ते काम माझ्याकडे आलं, आणि भाषणात गाळलेलं वाक्य मी या वेळी ठेवलं आहे. कळवण्यास आनंद वाटतो की आपण इथपर्यंत वाचलंत आणि मध्ये कुठेही हरकत घेतली नाहीत. आपण जिथे जिथे हसलात, ते 'समाधानी' या सदरात धरलं आहे. ताई पुढच्या आठवड्यापासून सगळीकडे बसते आहे आणि जबाबदारीच्या नव्या वाटपात आपलाही हिस्सा काढून ठेवला आहे. तो फार लहान आहे. आपल्याला जाणवणारसुद्धा नाही.